सिक्रेट कळलं, आता पुढे? जादूच्या ट्रिक्स शिकणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

हातचलाखी शिकायला लागलेली बहुतेक मंडळी एकाच टप्प्यावर अडकतात. ट्रिक कशी होते ते त्यांना कळलेलं असतं, अडतं त्याच्या पुढे. खालचे सगळे प्रश्न त्या पुढच्या भागाचे आहेत.

ट्रिक कशी होते ते मला कळलंय. म्हणजे ती मला येते ना?

नाही, अजून नाही. सिक्रेट ही ट्रिकची सगळ्यात छोटी बाजू आहे आणि ते फारसं गुपितही नसतं. १५८४ मध्ये इंग्लंडमध्ये रेजिनाल्ड स्कॉट नावाच्या माणसाने एक पुस्तक छापलं, ते खरं तर चेटकीण ठरवून लोकांना छळण्याच्या विरोधातलं होतं, पण त्यात त्याने नाणी, गोळे, पत्ते यांच्या हातचलाख्या कशा करतात ते सरळ लिहून टाकलं. म्हणजे सव्वाचारशेहून जास्त वर्षं ही माहिती छापील स्वरूपात पडून आहे आणि तरीही आज कोणी नीट नाणं गायब केलं तर समोरच्याचा आ वासलेलाच राहतो.

दुसरं उदाहरण मला फार आवडतं. बाईला करवतीने कापायचा प्रयोग जादूगार पी. टी. सेल्बिट यांनी लंडनमध्ये लोकांसमोर आणला १९२१ मध्ये. म्हणजे ९ एप्रिल १९५६ ला भारतीय जादूगार पी. सी. सरकार यांनी बीबीसीच्या लाइव्ह कार्यक्रमात तोच प्रकार केला तेव्हा कल्पना पस्तीस वर्षं जुनी झाली होती. पण सरकारांनी काय केलं, करवत फिरून झाल्यावर ते आपल्या सहकारी मुलीला हाक मारत राहिले, ती उठली नाही, त्यांनी तिच्यावर कापड टाकलं, आणि तेवढ्यात निवेदकाने पुढे येऊन कार्यक्रम संपल्याचं सांगितलं. मुलगी मेली असं वाटून बीबीसीचे फोन खणखणायला लागले. कापण्याची युक्ती जुनी, लोकांना हादरवलं ते नेमकं कुठे थांबायचं यानेच.

मग सुरुवात कशाने करू, पत्ते, नाणी की दोरी?

जे हातात धरायला तुम्हाला आवडतं त्याने. पत्ते घेणार असाल तर पोकर साइजचा कॅट घ्या, साधारण ६३ बाय ८८ मिलिमीटरचा, आणि हात लहान असेल तर थोडा अरुंद ब्रिज साइजचा, त्यात कमीपणा काही नाही. नाण्यांसाठी ३० मिलिमीटरच्या आसपासचं, कडेला दाते असलेलं नाणं बरं पडतं कारण ते तळहातात नीट पकडता येतं. महागडे प्रॉप्स आत्ताच घेऊ नका. डब्यात टाकलेली वस्तू आपोआप गायब होते अशा प्रॉपमधून तुम्ही डबा उघडायला शिकता, बाकी काही नाही.

किती ट्रिक्स यायला हव्यात?

सुरुवातीला तीन. खरंच तीन. दर आठवड्याला नवीन ट्रिक शिकणाऱ्याकडे वर्षाच्या शेवटी पन्नास ट्रिक्सची माहिती असते आणि कोणी "दाखव ना काहीतरी" म्हटलं की एकही धड येत नाही. तीन ट्रिक्स अशा बसवा की झोपेतून उठवून कोणी करायला सांगितल्या तरी होतील, आणि त्या एकमेकींपेक्षा वेगळ्या असू देत, म्हणजे तिन्हीत "एक पत्ता काढा, तो मी शोधतो" असं नको. एकात काहीतरी गायब होऊ दे, एकात काहीतरी मिळू दे, एक समोरच्याच्याच हातात घडू दे. ही तिसरी जातच लोकांना वर्षानुवर्षं आठवते.

प्रॅक्टिस नेमकी कशी करायची? मी रोज तासभर करतो तरी ट्रिक ओळखू येते.

बहुतेक वेळा तुम्ही चोरीची, म्हणजे गुपचूप करायच्या हालचालीची, प्रॅक्टिस करत असता आणि खऱ्या हालचालीची कधीच करत नाही. मुद्दाम सविस्तर सांगतो कारण सगळ्यात जास्त गाडी इथेच अडते.

नाणं उजव्या हातातून डाव्या हातात दिल्याचं दाखवायचं आणि ते उजव्यातच ठेवायचं, ही नाण्याच्या कामातली अगदी पहिली गोष्ट. आधी काही दिवस खोटं करूच नका. खरोखर नाणं डाव्या हातात द्या आणि आपले हात काय करतात ते बघा. नाणं डाव्या तळव्यावर टेकतं, बोटं त्याच्याभोवती मिटतात, पण मूठ सैलच राहते कारण ते आवळून धरायची गरजच नसते. उजव्या हाताचं काम संपलेलं असतं म्हणून त्याची बोटं सैल पडतात आणि हात आपसूक खाली जातो. नजर क्षणभर डाव्या मुठीकडे जाते आणि मग परत समोरच्या माणसाकडे येते. खांद्यांना काही पत्ताच नसतो.

आता खोटं करा आणि फरक बघा. डावी मूठ आवळलेली, उजवा हात पोटाजवळ हवेतच थांबलेला, अंगठा तळव्याला चिकटलेला, खांदे वर गेलेले, श्वास अडकलेला. समोरच्याला पामिंग, म्हणजे वस्तू तळहातात लपवून धरणं, हा शब्दही माहीत नसेल, पण त्या हातात काहीतरी गडबड आहे हे त्याला लगेच जाणवतं. म्हणून प्रॅक्टिस अशी करा की एकदा खरं, एकदा खोटं, एकदा खरं, एकदा खोटं, आणि हे तोपर्यंत करा जोपर्यंत व्हिडिओ बघताना तुम्हालाच कळेनासं होतं की यातलं खरं कुठलं.

आणि वेळ. मूठ बंद केल्या केल्या उघडून "गेलं!" असं ओरडायचं नाही. नाणं डाव्या हातात आहे हे समोरच्याच्या मनात बसायला थोडा वेळ लागतो, तो त्याला द्या. त्याच वेळात उजवा हात पेन काढायला खिशात जाऊ दे आणि नाणं तिथेच राहू दे. पेन मुठीवर टेकवा, एकेक बोट उघडा. आता दोन्ही हात खरोखरच रिकामे आहेत आणि पेन का काढलं याचं कारणही सगळ्यांना दिसलंय. चोरी आणि परिणाम यांच्यामध्ये जेवढं अंतर, तेवढं समोरच्याला मागे जाऊन शोधणं अवघड.

रोज तासभर सलग करण्यापेक्षा पंधरा-पंधरा मिनिटं दोनदा करा. थकलेल्या हाताला चुकीच्या सवयी लवकर लागतात आणि त्या सुटायला फार वेळ जातो.

आरशासमोर प्रॅक्टिस करू की मोबाईलवर शूट करून बघू?

दोन्ही, पण आरशावर विसंबू नका. आरशासमोर एक विचित्र गोष्ट होते, नेमक्या चोरीच्या क्षणी आपण डोळे मिटतो, आपल्या नकळत, कारण आपल्यालाही ते बघायचं नसतं! शिवाय आरशात बघायची सवय लागली की परफॉर्म करताना नजर कुठे ठेवायची तेच कळत नाही. मोबाईल डावीकडे ठेवून, उजवीकडे ठेवून, आणि खाली बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवून शूट करा. फ्लॅश, म्हणजे लपवलेली वस्तू चुकून दिसणं, बहुतेक वेळा बाजूने किंवा खालून होतं, समोरून क्वचितच. शूट केलेलं एकदा आवाज बंद करून बघा आणि एकदा नुसतं ऐका. नुसतं ऐकताना कळतं की चोरीच्या क्षणी आपण बोलायचे थांबतो.

मिसडायरेक्शन म्हणजे "तिकडे बघा" म्हणून लक्ष उडवणं ना?

हा गैरसमज फार पसरलेला आहे. लक्ष उडवायचं नसतं, लक्ष द्यायला काहीतरी चांगलं द्यायचं असतं. कोणाला वाटलं की माझं लक्ष उडवलं गेलं, की ट्रिक तिथेच संपली, कारण आता त्याच्याकडे उत्तर आहे: "मी तिकडे बघत होतो तेव्हा त्याने काहीतरी केलं."

डोळे उघडे असणं आणि दिसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आधी पटायला हवं. १९९९ मध्ये डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शाब्री या मानसशास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना बास्केटबॉलचे पास मोजायला सांगितले होते, आणि मधून गोरिलाचा वेश केलेलं एक माणूस चालत गेलं तर बघणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्यांना ते दिसलंच नाही. समोर होतं, लपवलेलं नव्हतं. त्यांना फक्त काम दिलेलं होतं. तुमच्या ट्रिकमध्येही समोरच्याला असं काम द्या, पत्ता लक्षात ठेवा, मनात एक आकडा धरा, मूठ घट्ट मिटा.

दुसरं म्हणजे तुमची स्वतःची नजर. गुस्ताव कुह्न आणि मायकेल लँड यांनी २००६ मध्ये चेंडू वर फेकून गायब करायच्या जुन्या ट्रिकवर प्रयोग केला. चेंडू दोनदा खरा फेकायचा, तिसऱ्यांदा हातातच ठेवून फेकल्याचं नाटक करायचं. जादूगाराची नजर वर गेली तेव्हा साधारण दोन तृतीयांश लोकांना चेंडू वर जाताना "दिसला", जो मुळात हातातून सुटलाच नव्हता. नजर हातावरच राहिली तेव्हा हे प्रमाण एक तृतीयांशावर आलं. हाताची हालचाल तीच, फरक नुसत्या नजरेचा! म्हणून मी सगळ्यांना सांगतो की बोटांइतकीच डोळ्यांची प्रॅक्टिस करा, वस्तू जिथे आहे असं दाखवायचंय तिथे तुम्ही स्वतः बघा, आणि समोरच्याने तुमच्याकडे बघावं असं वाटलं तर मान वर करून त्याच्या डोळ्यांत बघून प्रश्न विचारा, तो वर बघतोच.

तिसरं, सैल क्षण. एक परिणाम झाला, लोक हसले, टाळी पडली, एकमेकांकडे वळून "अरे बघितलंस का" म्हणाले, की सगळ्यांचं अंग सैल पडतं. पुढच्या ट्रिकची चोरी त्या वेळी करायची. जादूगार टोनी स्लायडिनी यांचं टायमिंग या बाबतीत अभ्यासावं असं होतं, त्यांच्या एका प्रयोगात खुर्चीवर बसलेल्या माणसासमोर कागदाचे बोळे एकेक करून गायब होतात आणि बाकी सगळ्या ऑडियन्सला दिसत असतं की ते त्याच्या डोक्यावरून मागे फेकले जातायत. सिक्रेट सगळ्या हॉलला माहीत, फसतोय फक्त एक, आणि तरी लोक हसून बेजार.

ट्रिक करताना बोलायचं काय? मला काही सुचतच नाही.

सुचेल याची वाट बघू नका, लिहून काढा. प्रत्येक वाक्य. नंतर त्यातली अर्धी वाक्यं खोडा, विशेषतः जी नुसती हाताचं वर्णन करतात. "आता मी हा पत्ता उचलतोय, आता मी तो मध्ये ठेवतोय." हे सगळ्यांना दिसतंय, ते बोलून तुम्ही एकच गोष्ट साधता, लोक हाताकडे जास्त बारकाईने बघायला लागतात. "हा अगदी साधा कॅट आहे" हे वाक्य तर कधीच नको, तोपर्यंत कॅट साधा नसेल अशी शंका कोणाच्या मनातही नव्हती.

बोलण्याला विषय हवा. फ्रेंच जादूगार रॉबेर-उदँ एकोणिसाव्या शतकातच म्हणून गेले की जादूगार म्हणजे जादूगाराची भूमिका करणारा नट. म्हणजे तुम्हाला ठरवावं लागेल की ही ट्रिक चालू असताना तुम्ही कोण आहात, हे सगळं करणारा, की तुमच्याइतकाच चकित झालेला, की जुगारी लोक कसे फसवतात ते सांगणारा. एकच ट्रिक या तिन्ही पद्धतींनी वेगवेगळी लागते.

गप्प राहूनही चालतं आणि हळूही चालतं. अर्जेंटिनाचे जादूगार रेने लावांद, १९२८ चा जन्म, लहानपणी अपघातात उजवा हात गेला, आणि ते एकाच हाताने पत्त्यांची जादू करायचे. वेग हे त्यांचं हत्यारच नव्हतं. लाल आणि काळे पत्ते आलटून पालटून ठेवायचे, ते पुन्हा पुन्हा वेगळे व्हायचे, आणि ते म्हणायचे की यापेक्षा हळू करता येत नाही, आणि मग आणखी हळू करायचे. भराभर हात हलवणाऱ्याला लोक म्हणतात "हात काय चालतो याचा!", आणि ते कौतुकच आहे, पण त्यात जादू वाटण्याची जागा संपलेली असते कारण उत्तर मिळालेलं असतं.

लोकांसमोर हात थरथरतात, काय करू?

थरथरणारच, सगळ्यांचे थरथरतात. पहिली ट्रिक अशी ठेवा ज्यात बारीक काम अजिबात नाही, वस्तू दुसऱ्याच्या हातात आहे, तुम्ही फक्त बोलताय. पहिला प्रतिसाद मिळाला की थरथर बरीच कमी होते, मग दुसऱ्या ट्रिकला पामिंग वगैरे येऊ दे. कोपर अंगाला टेकवले की हात स्थिर राहतात. पत्ते टेबलावर ठेवून करता येत असतील तर ठेवा. आणि थरथर लपवायला घाई करू नका, घाईमुळे ती जास्त दिसते.

ट्रिक मध्येच फसली तर?

पहिली गोष्ट, तुम्ही काय दाखवणार होतात हे समोरच्याला माहीत नाही. जादूचा हा इतका मोठा फायदा आहे आणि नवशिके तो "अरे, चुकलं" असं म्हणून घालवतात. पुढे काय होणार ते आधी जाहीर न करण्याची सवय लावली तर अर्ध्या फजिती तिथेच वाचतात. बदाम सत्तीऐवजी चौकट गुलाम निघाला, ठीक आहे, चौकट गुलामाला "हा माझा मदतनीस, हा आपल्याला तुमचा पत्ता शोधून देईल" म्हणा आणि पुढे चला, दुसरा रस्ता आधीच तयार ठेवलेला असला पाहिजे. प्रत्येक ट्रिकसाठी किमान एक असा पळवाटेचा शेवट बसवून ठेवा आणि त्याचीही प्रॅक्टिस करा.

काहीच हाताला लागलं नाही तर हसून "ही आज माझ्या बाजूने नाही" म्हणा आणि सगळ्यात पक्की ट्रिक करा. माफी मागत बसू नका, त्याने समोरचा माणूसच अवघडतो.

"परत करून दाखव" म्हणाले तर?

तीच ट्रिक त्याच पद्धतीने परत नको. पहिल्यांदा लोक काय होणार हे माहीत नसताना बघतात, दुसऱ्यांदा कुठे बघायचं ते त्यांना कळलेलं असतं. पण काही ट्रिक्स परत परत करण्यासाठीच बनलेल्या असतात. प्रसिद्ध जादूगार हुडिनी म्हणायचे की कोणतीही ट्रिक मला तीनदा दाखवा, मी ती ओळखेन. १९२२ मध्ये शिकागोला पत्त्यांचे जादूगार डाय व्हर्नन यांनी त्यांच्याकडून एका पत्त्यावर सही करून घेतली, तो कॅटमध्ये दुसऱ्या नंबरला ठेवला आणि तो वर आला. पुन्हा ठेवला, पुन्हा वर. तीनदाच्या वर कितीतरी वेळा, आणि हुडिनींना शेवटपर्यंत कळलं नाही. आज "महत्त्वाकांक्षी पत्ता" नावाची ही ट्रिक बहुतेक सगळे कार्डवाले करतात, आणि ती चांगली करणारे दर वेळी पत्ता वर आणण्याची रीत बदलतात, समोरच्याने एक शक्यता मनात पकडली की पुढच्या वेळी नेमकी तीच मोडून काढतात.

एक जण सतत मध्ये बोलतो, "कळलं कळलं", आणि पत्ते ओढतो. त्याचं काय करायचं?

बहुतेक वेळा चूक सुरुवातीला आपल्याच बोलण्यात असते. "तुम्हाला कधीच कळणार नाही", "नीट बघा हं" असं आव्हान दिलं की समोरचा ते स्वीकारणारच. त्याला हरवायच्या भानगडीत पडू नका, बाकीच्यांसमोर त्याचा अपमान तर मुळीच नको, एका माणसाला खाली पाडलं की बाकीचे सगळे सावध होतात आणि तुमच्यासोबत हसायचे थांबतात. त्याला काम द्या, कॅट पिसायला द्या, मोजायला बसवा. त्याने बरोबर ओळखलं असेल तर "बरोबर, नजर चांगली आहे तुमची" म्हणून पुढे जायचं, खोटं नाकारत बसायचं नाही.

आणि मदतीला बोलावताना माणूस निवडून बोलवा. हसरा, पुढे झुकून बघणारा. हाताची घडी घालून मागे टेकून बसलेल्याला ओढून आणू नका. नाव विचारा, ते नाव पूर्ण ट्रिकभर वापरा, आणि शेवटी टाळी त्यालाच द्या.

घरच्यांना माझी जादू अजिबात आवडत नाही. मी वाईट आहे का?

तसं नाही. घरचे तुम्हाला प्रॅक्टिस करताना बघतात, तेच तेच तीसदा बघतात, आणि त्यांना तुम्ही जादूगार म्हणून दिसतच नाही. घरच्यांकडून फक्त एक काम घ्या, फ्लॅश होतोय का ते विचारा. ट्रिक कशी वाटते हे अनोळखी किंवा ओळखीतल्या लांबच्या माणसांसमोर कळतं.

लहान मुलांना फसवणं सोपं असतं ना?

उलट. चार-पाच वर्षांच्या मुलाला काय अशक्य आहे हेच अजून पक्कं माहीत नसतं, त्यामुळे नाणं गायब झालं तर "बरं" इतकंच. शिवाय मोठी माणसं तुम्ही बघता तिकडे बघतात, मुलं भलतीकडेच बघत बसतात आणि मोठ्याने सांगतात, "खिशात आहे!" मुलांसाठी गुंतागुंतीची हातचलाखी बाजूला ठेवा. त्यांना हवं असतं ते भाग घेणं, जादूगाराच्या मागे काहीतरी होतंय आणि ते फक्त आपल्यालाच दिसतंय, ही मजा. मूल पुढे आलं की त्याला कधीही फजितीचा विषय करू नका. मोठा माणूस विसरतो, मूल विसरत नाही.

नुसते व्हिडिओ बनवून टाकले तर चालेल का?

चालेल, पण ती वेगळी कला आहे. कॅमेऱ्याला एकच अँगल असतो आणि दहा वेळा चुकलं तरी अकराव्यांदा टेक घेता येतो. त्यातून हाताची सफाई नक्की येते. येत नाही ते समोरच्या माणसाला सांभाळणं, तो पत्ता विसरला, हसायला लागला, मध्येच फोन आला, हे सगळं. आणि माझं स्पष्ट मत आहे की जादू ज्याला म्हणतात ती तिथेच, समोरासमोर घडते.

कोणी खूपच मागे लागलं तर सिक्रेट सांगायचं का?

नाही, आणि कारण भाव खाण्याचं नाही. लंडनचं मॅजिक सर्कल, म्हणजे जादूगारांची संस्था, १९०५ मध्ये सुरू झालं, त्यांचं ब्रीदवाक्यच गुपित उघड न करण्याबद्दल आहे, पण नियम बाजूला ठेवून विचार करा. तुम्ही सिक्रेट सांगितलंत की समोरचा म्हणतो, "एवढंच?" त्याच्या हातातलं आश्चर्य तुम्ही काढून घेतलंत आणि बदल्यात एक क्षुल्लक माहिती दिलीत. दोन हजार वर्षांपूर्वी रोमन विचारवंत सेनेकाने पेले आणि खड्यांच्या खेळाबद्दल हेच लिहिलंय, फसण्यातच मजा आहे, कसं होतं ते कळलं की गोडी गेली.

पण ज्याला खरंच शिकायचंय त्याला शिकवा, वेळ काढून, सुरुवातीपासून. एक परीक्षा सोपी आहे, त्याला एक साधी ट्रिक द्या आणि आठवड्याने करून दाखवायला सांगा. दाखवली तर पुढची द्या.

याला एक सुंदर अपवादही आहे. पेन आणि टेलर हे दोघं जादूगार तोच पेल्यांचा खेळ पारदर्शक पेल्यांनी करतात, गोळा कुठे जातो ते सगळं दिसतं, आणि तरी डोळ्यांना तो सापडत नाही. पण तिथे सिक्रेट दाखवणं हाच प्रयोग आहे, आणि तो तसा करायला लागणारी सफाई भयंकर आहे.

मन वाचण्याच्या ट्रिक्स करतो. "मला खरंच शक्ती आहे" असं म्हटलं तर जास्त परिणाम होतो, म्हणू का?

स्टेजवर पात्र म्हणून थोडं गूढ राहणं ठीक. पण कोणी नंतर बाजूला घेऊन वारलेल्या माणसाबद्दल, आजाराबद्दल, लग्नाबद्दल विचारायला लागलं, तर तिथे सरळ सांगायचं की ही करमणूक आहे, मला काही दिसत नाही. असे लोक येतात, आणि ते फार गंभीरपणे विचारत असतात. हुडिनींनी १९२० च्या दशकात मृतांशी बोलतो म्हणणाऱ्या लोकांचं पितळ उघडं पाडायला बराच वेळ घालवला, कारण हातचलाखी वापरून दुःखातल्या माणसाला लुबाडलं जातंय हे त्यांना कळत होतं. ज्याला ही कला येते त्याच्यावर ही जबाबदारी येतेच, त्यातून सुटका नाही.

आग, सुरी, खिळे, बंदूक असले प्रकार कधी शिकायचे?

एकट्याने, व्हिडिओ बघून, कधीच नाही. चुंग लिंग सू या नावाने काम करणारे विल्यम रॉबिन्सन हे मुरलेले व्यावसायिक होते, बंदुकीची गोळी झेलण्याचा प्रयोग त्यांनी अनेकदा केलेला होता. २३ मार्च १९१८ ला लंडनमध्ये झिजलेल्या बंदुकीने दगा दिला, खरी गोळी सुटली आणि दुसऱ्या दिवशी ते गेले. ज्या ट्रिकमध्ये चूक झाली तर कोणाला इजा होईल ती ट्रिक तुमच्या तीनांत नको, दहांतही नको.

दुसऱ्याचे डायलॉग आणि जोक्स वापरले तर काय बिघडलं?

शिकताना नक्कल होतेच, पण लोकांसमोर जाताना ते डायलॉग काढून टाका. जुन्या ट्रिक्स सगळ्यांच्या आहेत, एखाद्याने घडवलेला रूटीन आणि त्याची वाक्यं त्याची आहेत. शिवाय ती वाक्यं त्याच्या आवाजाला, वयाला, अंगकाठीला बसलेली असतात, तुमच्या तोंडी ती उपरी वाटतात. ट्रिक कोणाकडून घेतली हे विचारलं तर नाव घ्यायला लाजू नका.

पहिला छोटा शो करायचाय. काय लक्षात ठेवू?

दहा मिनिटं, तीन ट्रिक्स, बास. सगळ्यात छोटी आणि झटपट ट्रिक आधी, कारण सुरुवातीला लोक तुम्हाला जोखत असतात. सगळ्यात जोरदार शेवटी. ज्यात लोकांना लक्षात ठेवायचंय, मोजायचंय, ती मध्ये. खिसे ठरवा, कुठल्या खिशात काय हे शो संपेपर्यंत बदलायचं नाही, आणि एक खिसा पूर्ण रिकामा ठेवा, वस्तू टाकून द्यायला. किल्ल्या आणि सुटे पैसे आधीच काढून ठेवा, त्यांचा खुळखुळाट नेमका नको तेव्हा होतो. फोन बंद. जागा आधी बघून घ्या, मागे आरसा किंवा काचेची खिडकी असेल तर उभं राहायची जागा बदला. लोक अर्धवर्तुळात समोर येतील असं बघा, पाठीमागे कोणी नको. जे कपडे घालणार तेच घालून आदल्या दिवशी पूर्ण दहा मिनिटं मोठ्याने बोलत करून बघा, न थांबता, चुकलं तरी न थांबता. आणि शो झाल्यावर लगेच, सामान आवरायच्या आधी, लोक कुठे हसले, कुठे कोणी हाताकडे रोखून बघितलं, कुठलं वाक्य गिळलं गेलं हे वहीत लिहून ठेवा, सकाळपर्यंत त्यातलं बरंचसं आठवत नाही.